दंडाला पट्टी, खापरावर मांडे

निमखेड्यात कुणाच्या घरी लग्न निघालं, की आधी यशोदाबाईला सांगावा जायचा आणि मग ब्राह्मणाला. घोडा मिळाला नाही तर नवरदेव पायी आला असता, बँडवाले आले नाहीत तर पोरांनी डबे बडवले असते, पण यशोदाबाई आली नाही तर मांडे कोण करणार? तापीच्या या काठापासून थेट शिरपूरपर्यंत तिच्या हातचा मांडा खाल्ला नाही असा जावई शोधून सापडला नसता. आणि सापडला असता, तर त्याच्या सासूनं तोंड लपवलं असतं.

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सगळं थोडं जास्त वाटेल. त्यानं मांडा होताना पाहिलेला नसतो, म्हणून वाटतं. पुरण भरलेला पिठाचा गोळा पोळपाटावर जरासा लाटायचा, बांगड्या मागे सारायच्या आणि मग तो दोन्ही हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, झेलत झेलत तो वाढवत न्यायचा. बघता बघता तो उपरण्याएवढा होतो, आतलं पुरण दिसायला लागतं, आणि बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापलेल्या मातीच्या खापरावर तो असा सोडायचा, की सुरकुती पडता कामा नये. हात जरा चुकला तर मांडा फाटतो, पुरण जाळात पडतं, आणि सगळ्या गल्लीला वासावरून कळतं की कुणाच्या घरी काय झालं.

यशोदाबाईचा मांडा कधी फाटला नव्हता. निदान ती तरी तसं सांगायची, आणि तिला खोटं पाडायची कुणाची टाप नव्हती, कारण तिच्या हातांइतकीच तिची जीभही चपळ होती. हातावर मांडा फिरत असताना तोंडानं तिचं समालोचन चालू असायचं: जाळ कमी कर, ते लाकूड ओढ, पुरणात वेलची टाकली की नुसती दाखवली, ती बघ कशी उभी राहिलीय मोटारीची वाट बघितल्यासारखी. या समालोचनाचा मोठा वाटा ताईबाईच्या नावे जमा व्हायचा. ताईबाई तिची सून. लग्न होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, दोन लेकरं शाळेत जात होती, पण खापराशी तिची बढती जाळ घालण्याच्या पुढे झाली नव्हती. कधीमधी सासू म्हणायची, घे, कर एक. ताईबाई गोळा हातावर घ्यायची, आणि लगेच कानाशी सुरू व्हायचं.

"आंगठा आत घे. आंगठा आत घे म्हणस ना मी. हात शे का सुपडं? हायी देख, हायी देख, गया. फाटना. माले म्हाईतच व्हतं."

मांडा फाटलेला असायचा. यशोदाबाई खांदे उडवायची आणि पुढचा गोळा स्वतः उचलायची. सुनेला येत नाही याचं तिला वाईट वाटायचं, असं ती बायकांना सांगायची, आणि ते खरंही होतं. पण त्या वाईट वाटण्याला तळाशी थोडी गोडी होती, हे बायकांनाही कळायचं.

ब्याण्णव सालच्या चैत्रात गावातल्या एका साखरपुड्याला मांडे करता करता यशोदाबाई मटकन खाली बसली. मांडा तेवढा तिनं आधी खापरावर नीट सोडला आणि मग बसली, हे आवर्जून सांगायला हवं, कारण पुढे महिनाभर तीही तेच सांगत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, कपाळावर घाम होता. तिचा मुलगा अभिमन तिला दुसऱ्याच दिवशी एस.टी.त घालून धुळ्याला घेऊन गेला.

धुळ्याला गल्लीतल्या एका जुन्या माडीवर डॉक्टर बोरसे यांचा दवाखाना होता. डॉक्टर इकडचेच, शिंदखेड्याकडचे. यशोदाबाईला दोन तास बाकावर बसवून ठेवण्यात आलं, शेजारी एक पोर सारखं रडत होतं, आणि कंपाउंडरनं तिला "आजी" म्हटलं. त्यामुळे डॉक्टरांनी दंडाला पट्टी बांधून रबरी फुगा दाबला तेव्हा पारा जो वर चढला तो बघून डॉक्टरांच्याच भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. पारा आणखी वर गेला.

"झालं," अभिमन म्हणाला. "माय, आते खापर बंद. तू नुस्ती बठ अन् देख."

"बठीसन देखाले मी काय भितीवरना फोटो शे?"

अभिमन आईचाच मुलगा होता. त्यानं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की येत्या आखाजीला घरात खापर चढणार नाही. आखाजी म्हणजे आपली अक्षय्यतृतीया. पण खानदेशात तिला अक्षय्यतृतीया म्हणत बसायला कुणाला वेळ नसतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरुष दिवसाढवळ्या पत्ते कुटतात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही. घरोघरी आंब्याचा रस आणि मांडे. आपल्या दोन लेकी सासरहून आल्या आहेत आणि आपण खाटेवर बसून दुसऱ्याचे मांडे खातो आहोत, हे चित्र यशोदाबाईच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि तिला खरोखरच कसंतरी झालं. ज्या बाईला गाव खापरामुळे ओळखतं, तिच्या हातून खापर काढलं तर मागे उरतं काय? ही भीती तिला वाटली, पण ती कुणाला सांगायची बाई नव्हती. तिनं डॉक्टरांनाच धारेवर धरलं.

डॉक्टर शांत माणूस होते. ते म्हणाले, "अक्का, काही माणसांचं प्रेशर डॉक्टर दिसला की वर जातं आणि घरी गेलं की खाली येतं. तुमचं तसं आहे का, मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही."

"मंग कोनले म्हाईत शे?"

डॉक्टरांनी कपाटातून एक पेटी काढली. ट्रान्झिस्टरएवढी, तिला रबरी नळी, नळीच्या टोकाला कापडी पट्टी. मुंबईत एक मोठं संशोधन चाललं होतं. दवाखान्यात मोजलेलं प्रेशर आणि माणसाचं रोजच्या जगण्यातलं प्रेशर यांत किती फरक असतो, हे शोधायचं होतं, आणि त्यासाठी शहरांतून आणि खेड्यांतून माणसं हवी होती. पेटी कमरेला, पट्टी दंडाला. दिवसा दर पंधरा मिनिटांनी पट्टी आपोआप फुगते, मोजते, आकडा पेटीतल्या पेटीत जपून ठेवते. चोवीस तासांनी पेटी संगणकाला जोडली की सगळं कागदावर उतरतं. डॉक्टरांनी हे सगळं सावकाश समजावलं, वाटलं तर नाही म्हणा असंही सांगितलं.

यशोदाबाईनं पेटीकडे बराच वेळ बघितलं. मग तिनं मुलाकडे बोट केलं. "हाऊ मनं आयकत नही अन् मी यानं आयकत नही. पेटी काय म्हनी ते मी आयकसू. पेटी म्हनी बठ, तं बठसू. पन पेटी म्हनी कर, तं यानी मंग एक शबद बोलाना नही."

अभिमननं कबूल केलं. डॉक्टरांनीही मान डोलावली. चोवीस तासांतले बहुतेक आकडे ठीक निघाले तर खापर चालू, नाही तर बंद. त्यांनी पट्टी बांधली आणि बजावलं: नेहमीसारखं वागा, पट्टी फुगायला लागली की हात खाली सोडून स्थिर ठेवा, आणि पेटी बंद पडू देऊ नका.

यशोदाबाईला शेवटचं तेवढं पक्कं लक्षात राहिलं.

पेटी निमखेड्यात आली तेव्हा गल्लीत जत्रा भरली. आता या गल्लीची रीत अशी, की नवी वस्तू एका घरात राहतच नाही. कुणाकडे नवा कुकर आला तर त्यात पहिल्या आठवड्यात सगळ्या गल्लीची डाळ शिजते. कुणाच्या म्हशीचा खरवस झाला तर तो दहा घरांतून फिरून मालकाला चमचाभर उरतो. नवी वस्तू एकट्यानं वापरणाऱ्या बाईला गल्लीत नाव ठेवतात, आणि यशोदाबाई दुसऱ्यांना नावं ठेवणारी होती, ठेवून घेणारी नव्हती.

पट्टी एकदा फुगली, बसली. समोरच्या घरातली शेवंताबाई डोळे विस्फारून बघत होती. "अक्का, घडीभर मनाबी हातले लाव ना."

यशोदाबाईनं विचार केला. पंधरा मिनिटं पेटी नुसती बसून राहणार. डॉक्टर बिचारे लोकांचं प्रेशर शोधण्यासाठी मुंबईपर्यंत कागदपत्रं करतात, माणसं मिळत नाहीत म्हणतात, आणि इथं गल्लीभर माणसं रिकामी. त्यांचं काम आपण थोडं हलकं केलं तर काय बिघडलं? तिनं पट्टी सोडली आणि शेवंताबाईच्या दंडाला बांधली. मग शेवंताबाईच्या सुनेला. मग सुनेच्या माहेरून आलेल्या आत्याला. प्रत्येकीला ती डॉक्टरांच्या सुरात बजावायची, हात खाली, हालू नको. अधूनमधून स्वतःलाही बांधून घ्यायची, कारण घरच्या बाईनं शेवटी जेवायचं असलं तरी जेवायचं असतंच.

संध्याकाळी पेटी तिच्या नवऱ्याच्या, झुलाल आबांच्या दंडावर गेली. झुलाल आबा तंबाखूच्या गुळणीखेरीज सहसा तोंड उघडत नसत. पट्टी आवळली तेव्हा त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आखाजीले मांडा व्हतीन ना पन?" गुराखी वना बैलाच्या पायालाही लावून बघू म्हणत होता, पण पट्टी पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला छपाईयंत्रातून करकर करत कागद बाहेर आला. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"अक्का, काल दुपारी तुमचं प्रेशर एकदम विशीतल्या पोरीसारखं झालंय."

"ती शेवंताबाईनी सून. चांगली पोर शे, पन कामले मंद."

डॉक्टरांचं बोट कागदावर थांबलं. "आणि हे? संध्याकाळचं? इथं तर पेटीनंच हात टेकलेत."

"ते आमनं म्हातारं." मग यशोदाबाई थोडी पुढे सरकली आणि अभिमानानं म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमनी पेटी एक घडी रिकामी ऱ्हाऊ दिनी नही."

डॉक्टर बोरसे बराच वेळ कागदात तोंड खुपसून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते, त्यामुळे ते रडतात की काय असं अभिमनला वाटलं. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि सांगितलं की हा कागद मुंबईला पाठवता येणार नाही. ही पेटी एकाच माणसाची असते, नवऱ्याचीही नाही. पुन्हा सगळं करावं लागेल. पण पेटी आता दुसऱ्या गावाला जाणार, परत येईल ती आखाजीच्या आदल्या दिवशी, आणि लगेच पुढे नाशिकला.

"आखाजीचा दिवस चालणार नाही," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मला नेहमीचा दिवस हवा."

"मना नेहमीना दिवस तोच शे साहेब. बाकीना दिवस मी नुस्ती जगस."

डॉक्टरांनी तोच दिवस धरला. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः पट्टी बांधली, वर चिकटपट्टी लावली, आणि या वेळी अटी अभिमनला मोजून सांगितल्या. पट्टी सोडायची नाही. फुगताना हात खाली, अगदी स्थिर. हात हलला तर मोजणी फुकट जाईल, पेटी शिटी वाजवेल आणि दोन मिनिटांनी पुन्हा आवळेल. आणि फुगताना बोलायचं नाही. बोलण्यानंही आकडा बिघडतो.

"एक शबद बी नही?" यशोदाबाईनं विचारलं.

"एकही नाही. आणि आकडे मिळालेच नाहीत, तर अक्का, मला खापर बंदच सांगावं लागेल."

आखाजीच्या सकाळी अंगणातल्या कडुनिंबाखाली खापर चढलं. लेकी आल्या होत्या, त्यांची पोरं झोक्यावर ओरडत होती, ओट्यावर झुलाल आबा आणि मंडळी पत्ते मांडून बसली होती. ताईबाई जाळ घालत होती. अभिमन एका खुर्चीत बसला होता आणि आईच्या डाव्या दंडावरून नजर हटवत नव्हता. यशोदाबाईनं बांगड्या मागे सारल्या, पहिला गोळा हातावर घेतला, आणि तो उपरण्याएवढा झाला नाही तोच कमरेची पेटी घुरघुरली.

पट्टी फुगायला लागली. यशोदाबाईनं लक्ष दिलं नाही. तिनं मांडा झेलला, फिरवला, खापरावर सोडला. पेटीनं शिटी मारली. दोन मिनिटांनी पुन्हा आवळलं. तोवर हातावर दुसरा मांडा होता. पुन्हा शिटी.

"माय, आकडा येत नही," अभिमन म्हणाला. "असं ऱ्हायनं तं आते खापर उतारी टाकस मी."

यशोदाबाईच्या हातांवर तिसरा मांडा होता, आतलं पुरण दिसण्याइतका ताणलेला, आणि पेटी घुरघुरली. मांडा हातावर ठेवून हात खाली सोडता येत नाही. तो परत पोळपाटावर टाकता येत नाही. असा मांडा एकतर खापरावर जातो, नाहीतर दुसऱ्याच्या हातावर. दोन्ही लेकी झोक्याकडे होत्या. समोर हात होते ते एकट्या ताईबाईचे.

"धर," यशोदाबाई म्हणाली. गावात कुणी तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता.

ताईबाईनं घाबरून हात पुढे केले. मांडा तिच्या हातांवर आला. यशोदाबाईनं डावा हात खाली सोडला, पण तोंड सोडवेना. "आंगठा आत घे. जाळकडे देखू नको. खापरवर सोड, सोड, अशी नही," आणि मांडा खापराच्या काठाला लागून फाटला, पुरण जाळात पडलं, वास सुटला. पेटीनंही शिटी मारली, कारण बाई बोलली होती. ओट्यावरून झुलाल आबांनी पत्त्यांतून डोकं वर काढलं. फाटलेला मांडा कोणाचा हे त्यांना वासावरून कळेना, आणि दोघी बायकांपैकी विचारायची हिंमत कुणाला करायची हे ठरेना, म्हणून ते पुन्हा पत्त्यांत गेले.

पुढच्या वेळीही तेच झालं. मांडा सुनेच्या हातावर, सासूच्या तोंडी सूचना, मांडा जाळात, पेटीची शिटी. यशोदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आता अभिमन खरोखर उठून उभा राहिला आणि खापर उतरवायला फडकं शोधू लागला. तेव्हा यशोदाबाईनं पदराचं टोक उचललं, त्याचा बोळा केला आणि दातांत धरला.

पेटी घुरघुरली. मांडा ताईबाईच्या हातावर गेला. यशोदाबाई हात खाली सोडून, तोंडात पदर धरून, डोळे वटारून उभी राहिली. तिच्या गळ्याशी शब्द येऊन थडकत होते आणि पदराशी अडकत होते. ताईबाईनं सवयीनं मान खांद्यात आखडून घेतली आणि वाट पाहिली. काहीच ऐकू आलं नाही. तिनं चोरून सासूकडे बघितलं. सासू गप्प. झोक्याची करकर ऐकू येत होती, पत्ते आपटल्याचा आवाज येत होता. ताईबाईनं मांडा एकदा या हातावरून त्या हातावर घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि वाकून खापरावर सोडला. तो थोडा तिरका पडला, कडेला एक मुडपा आला, पण फाटला नाही.

पेटी शिटी न वाजवता शांत झाली.

त्या दुपारी हे असंच चाललं. पेटी घुरघुरली की पदर तोंडात, मांडा सुनेच्या हातात. पेटी सुटली की पदर बाहेर आणि साचलेलं सगळं एकदम बाहेर. तेव्हा ताईबाईच्या हातात काही असलं तर तेही फाटायचं. हे पहिल्यांदा झालं तेव्हा यशोदाबाईनं सुनेला दोष दिला. पुढच्या खेपेला तिनं जाळाला दोष दिला. त्यानंतर मात्र तिच्या ध्यानात यायला लागलं, आणि एकदा आल्यावर ते ध्यानातून जाईना. मी बोलले की फाटतो. मी गप्प बसले की होतो. इतकी वर्षं ही पोर माझ्यासमोर उभी आहे आणि तिचा हात वाईट नव्हताच.

तिला लाज वाटली. खापराच्या धगीनं तोंड लाल झालं होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. नंतरच्या दोन-तीन खेपांना पेटी सुटल्यावरही तिनं पदर दातांतच ठेवला, आणि ताईबाईनं केलेला शेवटचा मांडा असा झाला की झुलाल आबांनी तो बायकोचा समजून दुसऱ्यांदा रस मागून घेतला. यशोदाबाईनं त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला अभिमन आईला दवाखान्यात सोडून पंपाचं वायसर आणायला बाजारात गेला. डॉक्टरांनी कागद काढला आणि या वेळी चष्मा पुसला नाही.

"हा कागद मुंबईला जाणार," ते खूश होऊन म्हणाले. "एकाच माणसाचा आहे. अक्का, तुमचं प्रेशर थोडं आहे. एक छोटी गोळी रोज घ्यायची, मीठ कमी. पण दवाखान्यात होतं तसं भयंकर काही नाही. खापर खुशाल चालू द्या."

यशोदाबाईनं मोठा श्वास सोडला. इतके दिवस याच वाक्यासाठी ती भांडत होती.

"फक्त एक गंमत आहे," डॉक्टरांनी कागद तिच्याकडे वळवला. त्यावर बारीक ठिपके होते, रेघेनं जोडलेले. "हे बघा, आखाजीची सकाळ. इथं प्रेशर पार वर आहे. मग दुपारपर्यंत एकेक पायरी उतरत आलंय, आणि शेवटी इथं, खापरासमोर, तेही उन्हात, सगळ्या दिवसातलं सगळ्यात चांगलं. असं कधी होत नाही. मला मुंबईवाल्यांना लिहावं लागेल. काय करत होतात तुम्ही या वेळी?"

यशोदाबाईला अक्षर येत नव्हतं, पण उतार कळत होता. वरचा ठिपका म्हणजे पदर दातांत धरल्यावरचा पहिला मांडा, हे तिला बोट न ठेवताच कळलं. आणि अगदी खालचा तो शेवटचा, जो आबांनी दुसऱ्यांदा रस मागून खाल्ला.

"काही नही साहेब," ती म्हणाली. "गप उभी व्हतू."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसून राहिली. अभिमननं दोन-तीनदा विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. घरी गेल्यावर सांगते, म्हणाली. नरडाणा गेलं, तापीचा पूल दिसायला लागला, तरी ती एक शब्द बोलली नाही, आणि अभिमनला वाटलं आता संपलं, पेटीनं बंद सांगितलं. लहानपणापासून आईचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यानं किती नवस केले असतील, पण आत्ता तिचं गप्प बसणं बघून त्याचाच जीव खालीवर होऊ लागला.

घरी सगळे ओट्यावर जमले. लेकी अजून होत्या. शेवंताबाई आपला निकालही सोबतच लागणार असल्यासारखी पुढे येऊन बसली. ताईबाईनं सासूला पाणी आणून दिलं. यशोदाबाई सावकाश प्याली आणि भांडं खाली ठेवलं.

"डॉक्टर म्हने, खापर बंद. नुस्तं उभं राहीसन देखानं."

अभिमन, ज्यानं स्वतः हेच मागितलं होतं, खाली बघायला लागला. झुलाल आबांनी तंबाखू थुंकली. "मंग मांडा कोन करी?"

"हायी करी," यशोदाबाईनं सुनेकडे मान हलवली. "काल तुमनी दुसरांदाव रस मांगीसन खाया, तो कोना व्हता असं वाटस तुमले?"

ताईबाईचा चेहरा उतरला. "आत्याबाई, माले एकलीले कसं जमी? फाटना तं?"

"फाटना तं फाटना. पोटमा गया म्हणजे समदा सारखाच."

"अन् तुम्ही?"

"मी तठेच ऱ्हासू. पन एक शबद बोलाव नही," यशोदाबाई म्हणाली. "डॉक्टरनी बोलानी बी मनाई करेल शे."

खापराच्या मनाईवर ताईबाईनं लगेच विश्वास ठेवला होता. या दुसऱ्या मनाईवर मात्र तिचा काही केल्या विश्वास बसेना. ती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. यशोदाबाईनं पदराचं टोक उचललं, दातांत धरलं, आणि सून हसते आहे की रडते आहे हे दिसत असूनही काही बोलली नाही.